हाकेला येणारी

लिफ्टमधल्या कुत्र्यानं तिच्यावर भुंकावं, यात खरं तर काही विशेष नव्हतं. कुत्रा म्हटला की भुंकायचाच. पण हा चौथ्या मजल्यावरचा, सोनेरी केसांचा, लाडावून ठेवलेला कुत्रा तिच्या हातची बिस्किटं खाऊन मोठा झाला होता. पिल्लू असताना त्यानं तिच्या चपलांचा पार चोथा केला होता आणि तिनं हूं की चूं केलं नव्हतं. त्या दिवशी तिनं नवा कोट घातला होता, एवढंच. लिफ्टचं दार उघडलं, कुत्र्यानं मान वर केली आणि दात विचकून तो सरळ तिच्या अंगावर आला. मालकीणबाईंनी साखळी खेचली, हसल्या आणि म्हणाल्या, "घाबरू नका हं. फक्त पाहुण्यांवर भुंकतो तो." त्या इमारतीतलं सगळ्यात जुनं बिऱ्हाड तिचं होतं. ही बाई राहायला आली तेव्हा पाणी कधी येतं, कचरा कुठे टाकायचा, कुठल्या शेजाऱ्याच्या वाटेला जायचं नाही, हे सगळं तिनंच सांगितलं होतं. तरी ती हसली. घरात आली, कोट काढून खुंटीला लावला, तो खाली पडला, पुन्हा लावला. नवऱ्यानं वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता विचारलं, "काय गं, काय झालं?" "कुत्रा भुंकला." "मग तू काय केलंस?" "मी काय करणार? उलट भुंकू?" "नाही, जमलं असतं तुला," तो म्हणाला आणि पान उलटलं. एरवी ती हसली असती. त्या दिवशी ती न्हाणीघरात जाऊन नळ सोडून उभी राहिली, आणि 'पाहुण्यांवर' हा एवढासा शब्द दाढेत अडकलेल्या सुपारीसारखा जिभेनं कोरत बसली.

तो शब्द तिला नवा नव्हता. वडील अंथरुणाला खिळले होते, त्यांची माणसं ओळखायची शक्ती हळूहळू विझत चालली होती, तेव्हा ती शहरातून सुटी काढून गावाकडच्या घरी गेली होती. दादा त्यांच्या उशाशी बसलेला. बाहेर पानगळ चालली होती आणि खिडकीच्या काचेला ओली पानं चिकटत होती. ती औषधाचा चमचा घेऊन पुढे झाली, तसे वडील भिंतीकडे सरकले आणि दादाचा हात धरून म्हणाले, "ही बाई कोण?" तिला वाटलं, दादा सांगेल. म्हणेल, अहो बाबा, ही आपली धाकटी. एवढंच तर म्हणायचं होतं. दादा म्हणाला, "पाहुणी आहे, बाबा. दोन दिवसांत जाईल." वडिलांच्या चेहऱ्यावरची भीती उतरली, त्यांनी मान हलवली आणि तोंड उघडून तिच्या हातचं औषध घेतलं, परक्या बाईच्या हातचं घ्यावं तसं, उपकार झाल्यासारखं. तिनं चमचा धुतला, दांडीवरचं पातळ घडी करून पिशवीत भरलं, आणि खरंच दोन दिवसांत निघून आली. त्यानंतर वडील गेले, वहिनी गेली, घर आणि जनावरं दादाकडे राहिली आणि ती रीतसर पाहुणी झाली. वर्षातून एकदा जायचं, डब्यात काहीतरी न्यायचं, डब्यात काहीतरी आणायचं.

आणि त्याच आठवड्यात दादाचा फोन यावा! "धाकटे, मी पडलो. सफरचंदाच्या झाडावरून. खुबा मोडलाय म्हणतात." तिनं विचारलं, "या वयात झाडावर कशाला चढलास?" "झाड खाली येईना म्हणून," दादा म्हणाला आणि स्वतःच खोकत हसला. मग आवाज उतरवून म्हणाला, "शस्त्रक्रिया आहे. नंतर तिथंच ठेवून चालायला शिकवणार म्हणे. जनावरांचं कसं करू? शेजारच्यांना सांगितलं असतं, पण माझी जनावरं परक्याच्या हाताला लागत नाहीत. तू घरचीच आहेस." तिनं फोन कानापासून थोडा लांब धरला. काम निघालं की घरची, एरवी पाहुणी; हे बरं आहे. पण तोंडानं ती म्हणाली, "येते की." आवाज कसा गोड ठेवायचा, हे तिच्या पोटापाण्याचंच होतं. कानाची यंत्रं विकणाऱ्या दुकानात ती लोकांचे कान तपासायची. काचेच्या खोलीत माणूस बसवायचा, कानांवर डबडी चढवायची, वेगवेगळ्या पट्टीतले आवाज सोडायचे आणि आवाज ऐकू आला की त्यानं बटण दाबायचं. इतक्या वर्षांत तिला एक कळलं होतं: माणसं न आलेल्या आवाजालाही बटण दाबतात. आपल्याला कुणी हाक मारली आणि आपण ऐकली नाही, याची त्यांना फार धास्ती असते. तिनं रजा टाकली. दुकानाच्या मालकानं कुरकुर केली, नवऱ्यानं "मी काय खाऊ?" असं विचारलं, "हवा," असं ती म्हणाली आणि निघाली.

घर तिथंच होतं, टेकडीच्या पोटाशी, वळणाच्या रस्त्याला पाठ करून बसलेलं. अंगणभर पिवळी-तांबडी पानं. झाडांखाली पडलेली सफरचंदं कुजू लागली होती आणि त्यांच्या आंबूस वासावर गांधीलमाशा नशेबाजांसारख्या धडपडत होत्या. गोठ्यात शेळ्या, तबेल्यात एक भुरी घोडी, बाजूच्या खुराड्यात हंस. हंस म्हणजे पुस्तकातले, दूध-पाणी वेगळं करणारे वगैरे नव्हेत. मळक्या अंगाचे, फताड्या पायांचे, माणसाची पोटरी दिसली की चोच रोवणारे. आणि एक तपकिरी कुत्री, दादाच्या जुन्या सदऱ्यावर नाक ठेवून दारात पडलेली. तिनं कुत्रीला हाक मारली, तर तिनं नुसता एक डोळा उघडून मिटला. पहिले काही दिवस तिच्या अंगात नुसत्या कळा होत्या. सकाळी गारठ्यात उठायचं, आंबोण कालवायचं, गव्हाणी भरायच्या, धारा काढायच्या, ओला पेंढा आणि शेण उपसायचं, कुंपणाच्या मोडक्या फळ्या ठोकायच्या, लाकडं रचायची आणि संध्याकाळ व्हायच्या आत सगळ्यांना आत घ्यायचं. हातांना फोड आले, ते फुटले, तिथं घट्टे पडू लागले. जनावरं तिला चालवून घेत होती, हॉटेलातल्या नव्या पोऱ्याला जुनी गिऱ्हाईकं चालवून घेतात तशी. आत घ्यायचं झालं तर मात्र कुणी हलत नसे. त्यासाठी दादाची शिट्टी लागायची. दोन आखूड, एक लांब. आधी शिट्टी, मग दाणा. शिट्टीवाचून दाणा नाही, आणि शिट्टी झाली की दाणा चुकायचा नाही, हा त्या अंगणाचा वडिलांच्या वेळेपासूनचा कायदा. ती शिट्टी तिला येत होती. लहानपणी न्हाणीघरात कोंडून घेऊन ती शिकली होती, पण अंगणात मारायची तिला परवानगी नव्हती. दोघांनी मारली की जनावरं बावचळतात म्हणे.

एका दुपारी ती घोडीला खरारा करत होती. उन्हात घोडीच्या अंगातून धूळ उडत होती, आणि ओल्या चामड्याचा, गवताचा, घामाचा तो वास नाकात शिरला तशी ती खरारा हातात धरून उभीच राहिली. ही घोडी म्हणजे तिनं लहानपणी वाढवलेल्या एका शिंगराची नात. शिंगरू जन्मलं त्या दिवशीच त्याची आई मेली होती. वडील म्हणाले होते, जगायचं नाही हे. तिनं बाटलीनं दूध पाजून ते जगवलं. पेंढ्यात त्याच्या पोटाला पाठ लावून ती झोपायची; शाळेतून आली की शिंगरू कुंपणापासून घरापर्यंत तिच्या दप्तराचा पट्टा चघळत यायचं. त्या घरात वडील दादाचे होते, शेत दादाचं, शिट्टी दादाची. तिचं असं ते एकच होतं. मग तिला कांजिण्या आल्या. तिला माळ्यावरच्या खोलीत ठेवलं आणि शिंगराचं दूध दादाकडे गेलं. बरी होऊन ती खाली आली, तेव्हा अंगणात वडील, काका, गवत कापायला आलेली माणसं, सगळे बसले होते. दादानं तिला एका टोकाला उभं केलं, आपण दुसऱ्या टोकाला गेला आणि म्हणाला, "बोलाव की तुझ्या लाडकीला." तिनं हाक मारली. दादानं शिट्टी मारली. शिंगरानं तिच्याकडे पाहिलं, कान हलवले आणि ते दुडदुडत दादाकडे गेलं. दादाच्या मुठीत गूळ होता की नव्हता, ते तिला कधीच कळलं नाही. सगळे हसले. काका तर गुडघ्यावर थाप मारून हसले. वडीलही हसले, आणि म्हणाले, "जनावरच ते. ज्याचा हात, त्याचं." तोंडावर कांजिण्यांच्या खपल्या होत्या, त्यामुळे तिला रडताही येईना, खारं पाणी झोंबायचं. त्या हशाचा आवाज तिनं आयुष्यभर कानात सांभाळला. दुकानातल्या कुठल्याही यंत्रात तो बसला नसता.

घोडीनं मान वळवून तिच्या बाहीला नाक घासलं, आणि तिच्या मनात जे आलं ते काही हळूहळू उगवलं नाही; एकदम आलं आणि येऊन बसलं. तिला सूड हवा होता. शब्द मोठा आहे, तिलाही तो उच्चारताना जरा नाटकी वाटला. शेंडी तुटो की पारंबी तुटो म्हणणाऱ्या माणसांनी वापरायचा शब्द. पण दुसरा लागू पडेना. जनावरांना उपाशी ठेवायचं नव्हतं, खुराड्याचं दार कोल्ह्यासाठी उघडं टाकायचं नव्हतं, असलं काही तिच्या हातून झालंच नसतं. फक्त दादा परत येईल, अंगणात उभा राहील, ओठांचा चंबू करील आणि कुणीही येणार नाही. बस्स. एकदा, एकदाच त्यानं आपल्याच अंगणात पाहुणा होऊन उभं राहावं आणि आपण ते पाहावं.

शिट्टी मोडायची कशी, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं अंगणात उभं राहून दोन आखूड, एक लांब अशी झकास शिट्टी मारली. शेळ्या धावत आल्या, हंस पंख फडफडवत आले, घोडीनं फळीवरून मान काढली, कुत्रीसुद्धा सदरा सोडून उठली. तिनं रिकामी बादली उलटी करून दाखवली आणि आत निघून गेली. थोड्या वेळानं भरली बादली घेऊन बाहेर आली आणि जीभ टाळूला लावून नुसतं 'टक्' केलं. एकच. मग दाणा टाकला. दुसऱ्या वेळी तेच. तिसऱ्या दिवशी शिट्टीबरोबर गार पाण्याचा तांब्या हंसांच्या अंगावर. शिट्टी झाली की रिकामी बादली, नाहीतर पाणी, नाहीतर दाराचा धाडदिशी आवाज. टक् झालं की ओंजळभर मका, मिठाचा खडा, सफरचंदाची फोड, कानामागे खाजवणं. शेळ्या लोभी, त्यांना लगेच उमगलं. हंसांना वेळ लागला, पण एकदा मनात धरलं की हंस सोडत नाहीत. शिट्टी ऐकली की त्यांच्या माना जमिनीलगत ताणल्या जायच्या आणि घशातून फूत्कार निघायचा. शेळ्यांचं दूध न्यायला येणारा दूधवाला एकदा कॅन हातात धरून बघत राहिला. "ताई, शिट्टी मारून पाणी टाकता होय त्यांच्या अंगावर?" "आंघोळ घालते," ती म्हणाली. "या गारठ्यात?" त्यानं डोकं खाजवलं. "दादा आले म्हणजे कसं करतील ते? त्यांना तर हीच शिट्टी येते." "शिकतील दुसरी," ती म्हणाली. दूधवाला हसला. "म्हातारा राघू काय शिकायचा, ताई," म्हणत तो गेला, आणि दिवसभर ते वाक्य आठवून तिला आतून गुदगुल्या होत राहिल्या.

दादा दवाखान्यातून फोन करायचा. "शिट्टी मारतेस ना?" "मारते की, रोज." खोटं एक अक्षर नाही. "येतात?" "पहिल्यांदा धावत आले सगळे." "आणि कुत्री? जेवते का ती? माझ्यावाचून जेवत नाही." कुत्रीनं खरंच दोन-तीन दिवस तोंड लावलं नव्हतं. तिच्यावर सगळ्यात जास्त मेहनत घ्यावी लागली. दादाचा सदरा आधी ओसरीवरून आत नेला, मग धुतला, मग लाकडांच्या खोलीत टाकला. रात्री कुत्रीला आपल्या पायाशी घेतलं. एका सकाळी डोळे उघडले तर कुत्री तिच्याकडे बघत होती, कधीची बघत होती कोण जाणे, आणि टक् करायला हिनं जीभ हलवण्याआधीच कुत्रीची शेपटी जमिनीवर आपटू लागली. तिनं पडल्या पडल्या कुत्रीच्या मानेत बोटं घातली. हे तिच्या हिशेबात नव्हतं. आताशा सकाळी अंगणात जाताना तिचे पाय आपोआप लगबग करायचे. घोडीचा श्वास मानेवर आला की तिला शहर आठवायचंच नाही. नवऱ्यानं फोनवर विचारलं, "कधी येणार? हवा संपत आली," तेव्हा ती नुसती हसली. एखाद्या दुपारी, शिट्टी मारल्यावर करडं गोंधळून एकमेकांच्या पोटाखाली शिरायची, तेव्हा तिला वाटायचं, पुरे. यांचा काय दोष? पण लगेच काकांची गुडघ्यावरची थाप ऐकू यायची आणि ती तांब्या भरून घ्यायची.

दादा आला तेव्हा झाडं जवळजवळ उघडी झाली होती. गाडीवाल्यानं त्याला फाटकाशी उतरवलं. दोन काठ्या, सैल झालेले कपडे, गळ्यापर्यंत वाढलेली दाढी. ती पुढे झाली, "आत चल, पाणी तरी घे," म्हणाली. तो थांबला नाही. "आधी त्यांना भेटू दे," म्हणत काठ्या टेकत, पानांवरून घसरत तो अंगणाच्या मधोमध जाऊन उभा राहिला. तिनं ओसरीच्या खांबाला पाठ टेकली. हाच क्षण, किती वेळा तिनं तो मनात रंगवला होता. दादानं ओठ ओले केले. दोन आखूड, एक लांब. आजारपणामुळे शेवटची लांब थोडी फाटली. शेळ्या एकदम मागे सरल्या. घोडीनं मान आत घेतली. कुत्री गाडीखाली शिरली आणि तिथून बघत राहिली. दादानं पुन्हा मारली, या वेळी हसत, लाडानं. मोठा हंस मान जमिनीलगत ताणून सरळ आला आणि त्यानं त्याच्या मोडक्या बाजूच्या पोटरीला चोच रोवली. काठी सुटली. दादा खाली बसला. पडला म्हणावं तर पडला नाही, बसला म्हणावं तर तसंही नाही. तिनं जीभ टाळूला लावली. टक्. सगळं अंगण तिच्याकडे वळलं. शेळ्या, हंस, घोडीचं डोकं, गाडीखालची कुत्री. आणि तिनं ते कधीपासून घोटून ठेवलेलं वाक्य म्हटलं, "पाहुण्यांना घाबरतात ती."

दादानं पानांत बसल्या बसल्या पोटरी चोळली. मग म्हणाला, "शिट्टी मोडलीस तू." त्याच्या आवाजात राग नव्हता, नवल होतं. तिनं त्याला उठवलं, आत आणलं, चहा दिला, आणि मग तिच्यानं राहवेना. शिंगरू सांगितलं, कांजिण्या सांगितल्या, काकांचं हसणं सांगितलं. तो तोंड उघडं ठेवून ऐकत होता. "कुठलं शिंगरू गं? इतकी शिंगरं झाली." त्याला आठवतच नव्हतं. तिला वाटलं, हातातला कप त्याच्या कपाळावर मारावा. "आणि बाबा?" ती म्हणाली. "बाबांना मी पाहुणी म्हणून सांगितलंस, तेही आठवत नाही?" ते त्याला आठवत होतं. "अगं, शेवटी शेवटी त्यांना घरातलं कुणी म्हटलं की भीती वाटायची. आपण ओळखत नाही म्हणजे काहीतरी चुकतंय, असं वाटून रडायचे. पाहुणी म्हटलं की शांत व्हायचे. पाहुणा ओळखावा लागत नाही ना. मीही स्वतःला पाहुणाच म्हणवून घेत होतो शेवटी." तो कपात बघत होता. हे तिला नको होतं. इतकी वर्षं ज्याच्यावर ती जगली, त्याच्याखालून कुणी चटई ओढून घ्यावी तसं झालं. खरं असेल, खोटं असेल. तिनं ते ऐकलंच नाही, असं ठरवून टाकलं. उठली आणि भांडी घासायला लागली, जरा जास्तच आवाज करून.

तिच्या पाठीमागे दादा फोनवर बोलत होता. "हो, सगळीच. घोडीसुद्धा. परवा या." तिनं नळ बंद केला. "कुणाशी बोलत होतास?" "जनावरांच्या व्यापाऱ्याशी," दादा म्हणाला. "डॉक्टरांनी तिथंच सांगितलं होतं, हे सगळं काढून टाका आता. बादली उचलायची म्हटली तर काठी कुठल्या हातात धरू? पण मी म्हटलं, जीव गेला तरी देणार नाही. माझ्याच हाकेला येतात ती. दुसऱ्याच्या दारात उभी राहून माझी वाट बघतील. त्या विचारानं झोप लागायची नाही बघ. आता तसं काही उरलं नाही." त्यानं तिच्याकडे पाहिलं, आणि त्याच्या डोळ्यांत खरोखरच सुटका होती. "बरं केलंस तू. हलकं वाटतंय." ती ओल्या हातांनी तशीच उभी राहिली. मग बोलू लागली, आधी ओरडून, मग विनवून. मी परत शिकवते त्यांना. तुझी शिट्टी परत लावते. मला थोडे दिवस दे. "आणि मग? तू जाणार," दादा म्हणाला. "मी राहते." "तुझं दुकान? तुझा नवरा?" तिच्या डोळ्यांसमोर तिसरा मजला आला, लिफ्ट आली, आणि लिफ्टमध्ये घोडी. "रडू नकोस," दादा म्हणाला, "जनावरंच ती."

ट्रक तिसऱ्या दिवशी सकाळी आला. व्यापारी जाडजूड, हसतमुख माणूस. त्यानं घोडीचे दात बघितले, शेळ्यांच्या पाठी दाबल्या, हंसांकडे नुसती नजर टाकली. "कुठं नेणार यांना?" तिनं विचारलं. "कुठं म्हणजे?" तो म्हणाला. "नेतात तिथंच, बाई." त्याच्या माणसानं फळी टेकवली. एक शेळी चढेना. घोडीनं चारी पाय रोवले आणि डोळ्यांचं पांढरं दाखवत मागे रेटा दिला. हंस अंगणभर उधळले. माणसानं दोरी घोडीच्या तोंडाला आवळली आणि दुसऱ्या हातानं काठी उचलली. पहिला फटका बसला तो आवाज तिच्या दातांत गेला. "थांबा," ती ओरडली. व्यापाऱ्यानं दादाकडे पाहिलं. "मालक, तुम्ही बोलवा ना. धन्याच्या हाकेला येतात." दादा ओसरीवर खुर्चीत बसला होता. "माझ्या नाही येत," तो म्हणाला. "तिच्या येतात." काठी पुन्हा वर गेली होती. तिला दुसरं काही करता येण्यासारखं असतं तर तिनं केलं असतं. पुढे कितीतरी दिवस ती शोधत राहिली, काही करता आलं असतं का ते. ती फळीवरून चढली, ट्रकच्या अंधारात, जुन्या पेंढ्याच्या आणि भीतीच्या वासात जाऊन उभी राहिली, आणि तिनं जीभ टाळूला लावली. आल्या. आधी शेळ्या, एकमेकींना ढुशा देत, आपला नंबर आधी लागावा म्हणून. मग हंस, एका रांगेत. शेवटी घोडी, फळीवर जपून एकेक खूर टाकत. आत येऊन घोडीनं तिच्या खिशात नाक घातलं. खिशात काही नव्हतं. तरी ती शोधत राहिली. ती घोडीच्या गळ्याला धरून उभी होती, आणि बाहेरून व्यापारी कौतुकानं म्हणाला, "वा! असं माणूस पाहिजे आमच्याकडे. चला, उतरा आता, बाई."

ट्रक वळणाआड गेल्यावरही बराच वेळ घोडीच्या खुरांची हौद्यावरची धडधड येत होती, की तिला नुसती वाटत होती, कळेना. तिनं आत जाऊन पिशवी भरली. कोट घातला. ती अंगणात आली, तेव्हा दादा खुर्चीतून पुढे वाकला होता. "लगेच निघालीस?" तिनं पिशवी खांद्याला लावली. फाटकाशी पोहोचली, तशी तपकिरी कुत्री ओसरीच्या पायरीवरून उठली आणि तिच्या पाठोपाठ चालू लागली. "तिला राहू दे," दादा म्हणाला. "तिला नाही विकलं मी. ती माझ्यासाठी ठेवलीय. एवढी एक तरी राहू दे, धाकटे." सबंध आयुष्यात त्यानं तिच्याकडे असं काही मागितलेलं तिला आठवेना. कुत्री फाटकात थांबली होती, एक पाय उचलून, दोघांकडे बघत. तिला नुसतं 'जा' म्हणता आलं असतं. कुत्रीचा पट्टा धरून पायरीपर्यंत नेता आलं असतं. अंगाला घोडीचा वास होता, दादाचा म्हातारा चेहरा पाहून तिला त्याची कीवसुद्धा आली. आणि तरी, या सगळ्याच्या खाली, ते जुनं, टणक, काळं असं काहीतरी जागच्या जागी शाबूत होतं. तिनं फाटक उघडलं आणि तोंडातल्या तोंडात टक् केलं.

ती रस्त्याला लागली. कुत्री पायाला अंग घासत चालत होती. मागून शिट्टी आली. दोन आखूड, एक लांब. मग पुन्हा. उघड्या झाडांमुळे आवाज स्वच्छ येत होता, कान तपासायच्या खोलीत येतो तसा, एकेक सूर सुटा. कुत्रीचे कान एकदा हलले. ते पाहून ती भराभर चालू लागली. तिनं मागे वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर कदाचित कुत्रीनंही पाहिलं असतं.